पाण्यावरची रेघ

पेढीवर आयुष्य गेलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टींची बेरीज करण्याची सवय जडते. लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो ताटांचा अंदाज घेतो आणि व्याख्यानाला गेला तरी रिकाम्या खुर्च्या मोजतो. आमचे बाबूजी टेनिसही याच नजरेने पाहतात. धुळ्याच्या आमच्या घरात क्रिकेटपेक्षा टेनिसला अधिक मान आहे, ही आपल्या समाजात थोडी नवलाचीच गोष्ट. १९८५ साली दूरदर्शनवर सतरा वर्षांच्या बोरिस बेकरला विम्बल्डन जिंकताना बाबूजींनी पाहिले आणि तेव्हापासून जुलै महिन्यातला तो एक रविवार त्यांनी कधी चुकविला नाही. आज त्यांचे वय ८४ आहे. हातात रॅकेट त्यांनी कधी धरली नाही, परंतु गेल्या चाळीस वर्षांतले बहुतेक मोठे सामने त्यांना मुखोद्गत आहेत.

टेनिसच्या इतिहासातले सर्वश्रेष्ठ सामने कोणते, यावर जाणकारांत मतभेद आहेत. तरी काही नावे कोणत्याही यादीत येतातच. १९८० चा बोर्ग आणि मॅकेन्रो यांचा सामना, २००८ चा नदाल आणि फेडरर यांचा, २०१९ चा जोकोविच आणि फेडरर यांचा, आणि आता २०२५ चा अल्काराझ आणि सिनर यांचा. या सामन्यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते बाबूजींनी विचारलेल्या एका साध्या हिशोबी प्रश्नामुळे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी आपल्या पर्युषणापर्यंत येऊन पोहोचलो, म्हणून या अंकासाठी हा विषय.

विम्बल्डनचा अंतिम सामना पूर्वी आपल्याकडच्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला सुरू होई. जुलैच्या आरंभी धुळ्याचा सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास. बाबूजींचा चौविहार असल्याने पहिला सेट चालू असतानाच ताट-वाटी आणि पाणी आटोपून घ्यावे लागे. त्यानंतर सामना कितीही लांबला तरी तोंडात पाण्याचा थेंब नाही. ६ जुलै २००८ च्या रात्री याची खरी कसोटी लागली. लंडनला पाऊस येत-जात होता, खेळ थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. नदालने पहिले दोन सेट ६-४, ६-४ असे घेतले. फेडररने पुढचे दोन टायब्रेकमध्ये जिंकले, त्यांतल्या चौथ्या सेटमध्ये तर पराभवापासून एका गुणावर असताना दोनदा तो वाचला. पाचवा सेट नदालने ९-७ असा जिंकला तेव्हा लंडनला अंधार पडत आला होता आणि आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन झाले होते. दर दोन गेमनंतर ते दोघे खुर्चीवर बसून पाणी पीत होते आणि समोर आमचे बाबूजी कोरड्या घशाने टक लावून बसले होते. प्रत्यक्ष खेळ ४ तास ४८ मिनिटांचा. एकूण ४१३ गुण खेळले गेले, त्यांपैकी २०९ नदालचे आणि २०४ फेडररचे. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. बाबूजींच्या लेखी मेळ बरोबर बसला होता.

अडचण आली ती अकरा वर्षांनी. १४ जुलै २०१९ रोजी त्याच मैदानावर फेडरर आणि जोकोविच समोरासमोर होते. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी, सर्व्हिस फेडररची, गेममध्ये ४०-१५. म्हणजे विजेतेपदाला एक गुण हवा आणि त्यासाठी दोन संधी हातात. दोन्ही गेल्या. सामना पुढे १२-१२ पर्यंत लांबला आणि टायब्रेकमध्ये जोकोविच जिंकला. तीन सेट त्याने घेतले, तिन्ही टायब्रेकमध्ये. ४ तास ५७ मिनिटांच्या त्या सामन्यानंतर पडद्यावर आकड्यांचा तक्ता आला. एकूण गुण : फेडरर २१८, जोकोविच २०४. बाबूजींनी चष्मा पुसून तो तक्ता पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अरे, चौदा गुण याचे जास्त, मग हा हरला कसा?”

प्रश्न रास्त होता. ज्यांना या खेळाच्या मोजणीची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेनिसमध्ये गुणांची एकच सलग बेरीज होत नाही. चार गुण झाले की एक गेम, पण त्यात किमान दोन गुणांचे अंतर हवे. सहा गेम झाले की एक सेट, तिथेही दोनचे अंतर हवे. सहा-सहा बरोबरी झाली की टायब्रेक नावाचा एक निर्णायक गेम. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत पाचपैकी तीन सेट जिंकणारा विजयी. प्रत्येक गेम संपला की त्यातले गुण तिथेच मिटतात. एखादा गेम चार-शून्य असा सहज जिंकला काय किंवा वीस गुणांच्या ओढाताणीनंतर जिंकला काय, नोंद एकाच गेमची. सेट संपला की गेमही मिटतात. ६-० असा जिंकलेला सेट आणि ७-६ असा जिंकलेला सेट यांची किंमत एकच.

आपल्या रोजमेळात असे होत नाही. संध्याकाळी पान संपले की शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते. दिवाळीला नवी वही पूजली तरी जुन्या वहीतल्या बाक्या तिच्यात उतरतातच. कोणाकडे अडीच रुपये येणे असतील तर तेही उतरतात. जळगावच्या दाणा बाजारातली पेढी असो की धुळ्यातले दुकान, सगळा व्यवहार या ओढलेल्या बाकीवर उभा आहे. बाबूजींना टेनिसचा हिशोब खटकला तो यामुळे. त्यांच्या दृष्टीने ही अशी पेढी होती, जिच्यात दर तासाला वही फाडून नवी काढली जाते.

त्यानंतर मी असे सामने शोधू लागलो आणि ते बरेच सापडले. २०१० च्या जूनमध्ये विम्बल्डनच्या अठरा क्रमांकाच्या मैदानावर अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू यांच्यात इतिहासातला सर्वांत लांब सामना झाला. तो तीन दिवस चालला आणि प्रत्यक्ष खेळ ११ तास ५ मिनिटे झाला. पाचवा सेट ७०-६८ असा संपला. धावफलकाच्या यंत्रात एवढे मोठे आकडे दाखविण्याची सोयच नव्हती, ते ४७-४७ वर बंद पडले. हा पहिल्या फेरीचा सामना होता. त्यात ९८० गुण खेळले गेले. इस्नरचे ४७८, माहूचे ५०२. चोवीस गुण अधिक मिळवून माहू घरी गेला.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक सामना झाला आणि तो मी प्रत्यक्ष पाहिला. काही वर्षे पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जागतिक दर्जाच्या व्यावसायिक टेनिसपटूंची स्पर्धा भरत असे. जानेवारी २०१९ मधल्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच खेळले. दोघेही साडेसहा फुटांहून उंच, दोघांचीही सर्व्हिस म्हणजे छपरावरून टाकलेला दगड. कार्लोविचचे वय ३९. या दर्जाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत इतक्या वयाचा खेळाडू १९७७ नंतर कोणी पोहोचला नव्हता. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. पहिला अँडरसनने ७-४ असा घेतला, दुसरा कार्लोविचने ७-२ असा, आणि तिसरा अँडरसनने ७-५ असा. घरी परतताना रेल्वेत मी सवयीने बेरीज मांडली. तिन्ही टायब्रेक मिळून अँडरसनचे १६ गुण होते आणि कार्लोविचचेही १६. बेरीज सारखी असून करंडक एकालाच मिळाला. बाबूजींना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “मग बेरजेचा इथे काही उपयोग नाही म्हणायचा.”

आणखी एक उदाहरण आपल्या मातीतले. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या मिश्र दुहेरीत महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट ते २-६ असा हरले. दुसरा ६-३ असा जिंकला. तिथवर गेमची बेरीज केली तर भारताचे आठ आणि समोरच्यांचे नऊ होतात. पण ती बेरीज कोणी मागितली नाही. निर्णायक टायब्रेक कोऱ्या पाटीवर सुरू झाला आणि भारताने तो १०-४ असा घेतला. पहिल्या सेटमधले चार गेमचे देणे त्या दोघांनी डोक्यावर घेतले असते, तर तो टायब्रेक असा खेळता आला असता असे वाटत नाही.

आता यातला कळीचा भाग येतो. मोजणीच्या नियमाने पान मिटते, पण खेळणाऱ्याच्या मनातले पान आपोआप मिटत नाही. नियमाने मिटलेले पान मनानेही मिटविता येणे हीच या खेळाची साधना आहे. १९८० चा विम्बल्डनचा अंतिम सामना आजही आठवला जातो तो याच कारणाने. स्वीडनचा ब्योर्न बोर्ग चौथ्या सेटमध्ये विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. त्या एका सेटमध्ये त्याच्या हाती विजयाच्या सात संधी आल्या आणि जॉन मॅकेन्रोने सातही हिरावून घेतल्या. चौतीस गुणांचा तो टायब्रेक मॅकेन्रोने १८-१६ असा जिंकला. सात वेळा तोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस खचतो, चिडतो, नशिबाला बोल लावतो. बोर्गने पाचव्या सेटमध्ये आपल्या सर्व्हिसवर फारच थोडे गुण गमावले आणि तो सेट ८-६ असा जिंकला. चेहऱ्यावर रेष नाही. आपल्या देशातही १९६६ साली कलकत्त्याला रामनाथन कृष्णन डेव्हिस चषकात ब्राझीलच्या थॉमाझ कॉखविरुद्ध एक सेटने मागे आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असे होते. तो सामना गेला असता तर भारत स्पर्धेतून बाहेर पडला असता. कृष्णन यांनी तो सेट ७-५ आणि पाचवा ६-२ असा घेतला, आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अखेरच्या लढतीत पोहोचला.

फेडररने २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात स्वतःचाच हिशोब सांगितला होता. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले. पण एकूण गुणांपैकी जिंकले किती? फक्त ५४ टक्के. म्हणजे ज्याला जग सर्वश्रेष्ठांत गणते तो जवळजवळ दर दुसरा गुण हरत आला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा की गुण खेळताना तोच सर्वस्व मानावा आणि खेळून झाला की तो मागे सोडावा. व्यापारी माणूस हे आकडे वाचून चकित होतो. शंभरातले सेहेचाळीस व्यवहार तोट्यात जाऊनही पेढी अव्वल राहू शकते, ही कल्पना आपल्या पचनी पडणे कठीण.

पण आपल्या धर्मशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. क्रोध कषायाचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. अनंतानुबंधी क्रोध पर्वतातल्या भेगेसारखा, तो जन्मभर बुजत नाही. अप्रत्याख्यानी क्रोध जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, पाऊस आल्यावर मिटतो. त्याची मर्यादा वर्षाची. प्रत्याख्यानी क्रोध वाळूतल्या रेघेसारखा, वारा आला की पुसतो; मर्यादा चार महिन्यांची. आणि संज्वलन क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा, काठी उचलताच नाहीसा होतो, मर्यादा पंधरवड्याची. आपली प्रतिक्रमणेही याच मर्यादांशी जुळतात : पक्खी, चौमासी, संवत्सरी. त्याशिवाय रोजचे देवसी आणि राई. अनेक शतकांपूर्वी आपल्या आचार्यांनी मनाच्या वहीसाठी ही व्यवस्था लावून ठेवली आहे. दुकानाची बाकी ओढावी, मनाची ओढू नये. दिवसाचे पान दिवसाला मिटवावे, ते न जमले तर पंधरवड्याला, तेही न जमले तर चार महिन्यांनी. वर्ष ओलांडू देऊ नये, कारण त्यापुढे ती भेग दगडातली होते.

येथे एक सावधगिरी हवी. पान मिटविणे म्हणजे हिशोब न पाहणे असे कोणी समजू नये. प्रतिक्रमणात आधी आलोचना येते. काय चुकले, किती चुकले, कोणाविषयी चुकले, हे एकेक आठवून पाहायचे असते आणि मग मागे वळायचे असते. खेळाडूही हरलेल्या सामन्यांचे चित्रण बसून पाहतात, चूक शोधतात, सराव बदलतात. सोडायचे असते ते त्या पराभवाचे ओझे, शिकवण नव्हे.

हे सगळे विचार माझ्या मनात यंदाच्या जुलै महिन्यात एकत्र आले. धुळ्याला राहणाऱ्या धाकट्या भावाची मुलगी, माझी पुतणी, सी. ए. फायनलचा एक ग्रुप गेल्या नोव्हेंबरात उत्तीर्ण झाली होती. राहिलेल्या ग्रुपचा निकाल ६ जुलैला लागला. नियम वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असतील. तीन पेपर, प्रत्येकी शंभर गुणांचे; प्रत्येकात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५० हवेत. तिला दोन पेपरांत ५८ आणि ५७ मिळाले, ऑडिटमध्ये ३७. बेरीज १५२. हव्या होत्या त्याहून दोन गुण अधिक, आणि निकाल अनुत्तीर्ण. तिच्या एका मैत्रिणीला तिन्ही पेपर मिळून बरोबर १५० होते, ती उत्तीर्ण झाली. माझ्या डोळ्यांसमोर २१८ आणि २०४ हे आकडे उभे राहिले.

नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या सहीवर लोक विश्वास ठेवणार, त्याला प्रत्येक विषयात किमान काही यावेच लागते. पुतणीनेही नियमाला बोल लावला नाही. पण घरात जे व्हायचे ते झाले. दोन दिवस फोन वाजत राहिले. बहुतेकांचे शब्द सहानुभूतीचे होते, तरी प्रत्येक फोनबरोबर ते ३७ पुन्हा एकदा मांडले जात होते. भाऊ स्वभावाने कठोर नाही, पण तोही थकला होता. “दोन वर्षे झाली, आता स्थळे पाहायला घेऊ. अभ्यास काय, लग्नानंतरही होतो,” असे तो म्हणू लागला. लग्नानंतर अशा अभ्यासाचे काय होते हे आपल्या घरांतल्या स्त्रियांना विचारावे. ती मुलगी काही बोलली नाही. खाली दुकानात येऊन बसू लागली आणि न सांगता बिले लावू लागली, यावरून तिच्या मनात काय चालले असेल ते मला कळले.

चौमासी प्रतिक्रमण त्याच आठवड्यात आले. त्यानंतरच्या रविवारी, १३ जुलैला, मी जळगावहून धुळ्याला गेलो. त्या रात्री विम्बल्डनचा अंतिम सामना होता आणि आता तो आपल्याकडच्या साडेआठला सुरू होत असल्याने चौविहाराची घाई नव्हती. समोर अल्काराझ आणि सिनर. बरोबर पाच आठवड्यांपूर्वी, ८ जूनला, पॅरिसला हेच दोघे फ्रेंच स्पर्धेची अंतिम लढत खेळले होते. इटलीचा यानिक सिनर तेथे दोन सेटने पुढे होता. चौथ्या सेटमध्ये ५-३ अशी आघाडी आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर ०-४०. विजेतेपदाच्या तीन संधी. तिन्ही गेल्या. ५ तास २९ मिनिटांनी, त्या स्पर्धेच्या इतिहासातल्या सर्वांत लांब अंतिम सामन्यात, स्पेनचा कार्लोस अल्काराझ अखेरचा टायब्रेक १०-२ असा जिंकला. आणि एकूण गुण? सिनरचे १९३, अल्काराझचे १९२.

एका गुणाने अधिक असूनही हरलेला माणूस पाच आठवड्यांत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उभा होता. मधला काळ काही सोपा गेला नव्हता. जर्मनीतल्या एका स्पर्धेत तो लवकरच हरला. विम्बल्डनला चौथ्या फेरीत तो दोन सेटने मागे होता आणि समोरच्या दिमित्रोवला दुखापत होऊन खेळ सोडावा लागला म्हणून वाचला. म्हणजे दैवाचाही वाटा होता आणि तो नाकारू नये. अंतिम सामन्यात पहिला सेट तो ४-६ असा हरला. आमच्या घरात कोणीतरी म्हणाले, “आता हा गेला, याच्या मनात पॅरिस आहे.” पुढचे तिन्ही सेट त्याने ६-४, ६-४, ६-४ असे घेतले. विम्बल्डनची एकेरी जिंकणारा तो पहिला इटालियन.

पुतणी खोलीच्या दाराशी उभी राहून शेवटचा सेट पाहत होती. कोणी तिला काही सांगितले नाही, कोणी उदाहरण दिले नाही; त्याबद्दल मला आजही समाधान वाटते. तरण्या मुलांना असे बोध त्याच क्षणी पाजले की ते उलटून येतात. बक्षीससमारंभ चालू असताना बाबूजींनी दूरचित्रवाणीचा आवाज कमी केला आणि तिला विचारले, “बेटा, फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?” ती म्हणाली, “अठरा.” बाबूजींनी भावाकडे पाहिले. “मग उद्या सकाळीच भरून टाक,” एवढेच ते म्हणाले. भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला गेला. स्थळांचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

सप्टेंबरमध्ये ती पुन्हा परीक्षेला बसते आहे. काय होईल ते मला ठाऊक नाही आणि या लेखासाठी ते महत्त्वाचेही नाही. सिनर जिंकला म्हणून ती उत्तीर्ण होईल असे कोणतेही गणित नाही. एवढे मात्र खरे की परीक्षागृहात तिच्यासमोर कोरी उत्तरपत्रिका येईल आणि तिच्यावर मागचे ३७ कोठेही लिहिलेले नसतील. ते लिहून ठेवले असतील तर आपणच, आपल्या बोलण्यात आणि आठवणीत. नातलगांनी ते पुसले, तर तिचे निम्मे काम हलके होईल.

आपल्या व्यापारी घरांतली स्मरणशक्ती तीक्ष्ण असते आणि तिचा आपल्याला अभिमानही असतो. कोणाच्या आजोबांनी कोणत्या सालात शब्द मोडला, कोणत्या लग्नात कोणाला मान मिळाला नाही, कोणत्या भावाने वाटणीत काय घेतले, कोणाचा मुलगा किती वेळा नापास झाला, हे तीन पिढ्या पाठ असते. ही शिल्लक आपण पुढच्या पानावर ओढत राहतो आणि तिच्यावर व्याजही चढवतो. त्या व्याजापोटी भावाभावांची दारे बंद झालेली मी जळगावातही पाहिली आहेत आणि धुळ्यातही. धान्याच्या बाजारात जो गुण आहे, तोच माजघरात आला की भिंतीला भेग पाडतो.

टेनिसमध्ये एक लहानशी रीत आहे. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे घरंगळला तर समोरच्याला काहीच करता येत नाही. गुण मिळतो, नियमानेच मिळतो. तरीही ज्याला तो मिळतो तो हात वर करून प्रतिस्पर्ध्याची क्षमा मागतो. गुण परत देत नाही, देण्याची गरजही नसते. आपल्या हातून समोरच्याचे नकळत जे नुकसान झाले, त्याची फक्त कबुली देतो. समोरचाही मान हलवितो आणि दोघे पुढच्या गुणासाठी आपापल्या जागी जातात. या सगळ्याला दोन-तीन क्षण लागतात. बाबूजींना ही रीत फार आवडते. ते तिला ‘उभ्या उभ्या केलेला खमतखामणा’ म्हणतात.

पर्युषणाच्या या दिवसांत आपण सारे संवत्सरी प्रतिक्रमणाला बसू. वर्षभरात ज्या रेघा जमिनीत उतरल्या असतील, त्या दगडात उतरण्याआधी पुसण्याची ही शेवटची मुदत आहे. दुकानाची वही नेहमीप्रमाणे काटेकोर ठेवू या, तिच्यातली अडीच रुपयांची बाकीही सोडू नये. मनाची वही मात्र त्या दिवशी खरोखर मिटू द्यावी. माझ्याकडून या लेखात किंवा वर्षभरात कोणाचे मन दुखावले असेल, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं.